पाच पांढरी कबुतरं

आमच्या याइले 'नाही' म्हणता येत नाही. बाकी माणसात काही खोट नाही. दारू नाही, खर्रा नाही, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण समोरच्यानं काही मागितलं, की याइच्या तोंडातून 'बरं' निघालंच म्हणून समजा. आमच्या लग्नात माह्या मामानं गंमत केली, "जावई, हा कोट मले देऊन टाका," तर या माणसानं खरंच कोट काढून दिला. थंडीचे दिवस होते. मी स्टेजवर बसल्या-बसल्या मनात म्हटलं, अव माय, कोणाच्या पदरी पडली मी!

प्रेमानंद नाव याइचं. इतवारीत भांड्याच्या बाजारात, एका मोठ्या दुकानाच्या ओट्यावर बसून भांड्यावर नावं टाकायचं काम करतात. तुमच्या घरी आहेरात आलेला एखादा स्टीलचा डबा असंन नं, 'अमक्याकडून तमक्याले सप्रेम भेट' असं बारीक ठिपक्या-ठिपक्याचं नाव टाकलेला? नागपूरचा असंन तर ते अक्षर आमच्या याइचं असू शकते. हातात ती घर्रर्र करणारी मशीन, नाकावर चष्मा, अन मान खाली. दिवसभर दुसऱ्याची नावं. बोलणं जवळजवळ नाहीच. घरात बोलायचं काम मी करते, दोघाइच्या वाट्याचं.

अन याइचं दुसरं काम म्हणजे कबुतरं.

बाजाराच्या मागच्या गल्लीत आम्ही दुसऱ्या माळ्यावर भाड्यानं राहत होतो. वर मोकळं छत. त्या छतावर लाकडाचा अन जाळीचा दडबा, कबुतराइचं घर. लग्न होऊन आली त्या दिवशी मी वाट पाहून राहिली, की स्वयंपाकघर कुठं आहे ते कोणी दाखवंन, अन हा माणूस मले छतावर घेऊन गेला. हा काबरा, हा लक्का, ही तांबडी. सकाळी दुकानात जायच्या आधी उडवायची. संध्याकाळी आल्यावर ज्वारीचा डबा खडखड वाजवायचा अन "आऽ आऽ आऽ" करून बोलवायचं. ज्या माणसाचा घरात आवाज निघत नाही, त्याचा आवाज छतावर गेला की अर्ध्या इतवारीले ऐकू जाय. मी त्याइले सवती म्हणत होती. एक सवत असती तर झिंज्या धरून बाहेर काढली असती. इथं चौदा होत्या, अन साऱ्याच्या साऱ्या पंखवाल्या.

मंग घरमालकानं ते घर बिल्डरले द्यायचं ठरवलं. साऱ्या भाडेकरूइले सांगून दिलं, आपापलं पाहा. आमचा पोरगा अनिश तोपर्यंत मिहानमधे एका कंपनीत लागला होता. त्यानं शहराच्या पार दुसऱ्या टोकाले, बेसाकडे घर पाहिलं. लहानसंच, खाली दोन खोल्या, वर एक, अन त्याच्यावर छत. पण स्वतःचं. किल्ली हातात आली त्या दिवशी मी बाथरूममधे जाऊन रडली. साऱ्या जन्मात भिंतीले खिळा ठोकायचा तर आधी मालकाले विचारा, अशी गत होती आमची. आता पाहिजे तिथं खिळा ठोकीन, नाहीतर नाही ठोकणार.

पण वस्ती पाहून मी थोडी दबकली. दारापुढं गाड्या, गेटावर पाट्या, सकाळी बुटं घालून फिरणारे लोकं. इतवारीत कसं, कोणाच्या घरात काय शिजून राहिलं ते जिन्यावरच कळे. इथं सारे दारं लावलेले. मी मनाशी ठरवलं, इथं आपण नीट राहायचं, कोणी नाक मुरडंन असं काही करायचं नाही. अन याइले सांगून टाकलं, "अजी, नवीन घरात कबुतरं नाही."

काय म्हटलं असंन याइनं? म्हटलं, "बरं."

मी खुश. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छतावर कपडे काढाले गेली तर पाहते काय, हा माणूस बांबूले फडकं बांधून कबुतराइले हाकलून राहिला. दडब्याचं दार सताड उघडं. "जा नं बाप्पा, जा," म्हणून राहिला. कबुतरं उठत, एक गोल चक्कर मारत, अन परत येऊन कठड्यावर बसत. त्याइले वाटे, काही नवीन खेळ असंन. चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी मी विचारलं, "काहून हाकलता? कोणाले देऊन टाका नं."

"कोणाले दिलं तरी ते इथंच येतीन," हे म्हणाले. "कुत्रं माणसाचं असते, सरिता. मांजर घराचं असते. अन कबूतर छताचं. मी इथं राहिलो काय, नाही राहिलो काय, ते याच छतावर उतरंन."

"अन हे छत पाडलं मंग?"

याइनं बांबू भिंतीले टेकवला अन खाली बसून छतावरची घाण खरवडाले लागले. जे घर काही महिन्यानं पडणार आहे, त्याचं छत हा माणूस साफ करून राहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देता-देता मी म्हटलं, "घेऊन चला."

"काय?"

"माह्या सवती. घेऊन चला बेसाले. पण टाकीच्या मागं ठेवा, कोणाच्या नजरेत येऊ देऊ नका."

अनिश झाला त्या दिवशी या माणसाचा चेहरा जसा झाला होता नं, तसा झाला. चहा तसाच सोडून छतावर पळाले.

आमच्या सामानाच्या आधी कबुतरं गेली. बांबूच्या टोपल्यात, वरून ओल्या कापडाचं झाकण. पण नुसतं नेऊन होत नाही, हे मले तेव्हा कळलं. मोठ्या कबुतराले नवीन जागी मोकळं सोडलं की ते सरळ जुन्या छतावर जाते, बारा कोस असो की चोवीस. म्हणून पंखाची पिसं धाग्यानं बांधून ठेवायची. ढिलीच, दुखणार नाही अशी. मंग ते छतावर फिरते, दाणा खाते, चारीकडे पाहते, पण उडत नाही. अन नर-मादीची जोडी जमू द्यायची. नवीन जागी अंडी झाली, पिल्लं झाली, पिल्लं स्वतः उडाली, की मंग धागा कापायचा. तोपर्यंत त्या जागेवर मायेचा जीव बसलेला असते.

"किती दिवस लागतीन?" मी विचारलं.

"लागतीन तितके," हे म्हणाले.

रोज संध्याकाळी इतवारीहून आले की हे छतावर. एकेका कबुतराले हातावर घेऊन चारीकडे फिरवत. हे पाहा, तो मोबाईलचा टावर. हे पाहा, ते कडुलिंबाचं झाड. मी खालून ओरडे, "एक नकाशाच काढून द्या नं त्याइले!" पण खरं सांगू? मले भीती हीच होती, की धागा कापल्यावर एकही नाही थांबलं तर या माणसाचं काय होईन. दोन महिने झाले होते बेसाले येऊन, तरी इतवारीले जाताना हे "घरी चाललो" म्हणत. तोंडात बसलं होतं. मी ऐकून घे. पण लागे ते मनाले.

अन मंग पांढऱ्या जोडीनं अंडी दिली. दोन. नवीन वर्ष लागलं अन पिल्लं निघाली. मी म्हटलं, कबुतराची पिल्लं म्हणजे केवढी गोड असतीन. गेली पाहाले, तर मायबाई! आंधळी, लांब चोचीची, अंगावर पिवळे-पिवळे चार केस. माय अन बाप दोघंही आळीपाळीनं आपल्या घशातून काहीतरी दुधासारखं काढून त्याइच्या तोंडात देत. "पहिले आठ-दहा दिवस दाणा चालत नाही," याइनं सांगितलं. "हेच पाहिजे. हे कोणी बाहेरून देऊ शकत नाही." त्या दिवशी हे इतवारीहून जिलबी घेऊन आले. "झालं आता, सरिता. ही जोडी इथं बसली की बाकीची तिले पाहून बसतीन." इतकं लांब वाक्य याइच्या तोंडून मी वर्षात एकदा ऐकते.

घरप्रवेश आम्ही संक्रांतीनंतरच्या रविवारी ठेवला. भंतेजीइले बोलावलं होतं. बुद्धवंदना, परित्राण पाठ, मंग जेवण. घरापुढं रस्त्यावर लहानसा मांडव, पांढऱ्या-निळ्या झालरी. मी पांढरी साडी नेसली होती, नवीकोरी. शेजारच्या यमुताईइलेही बोलावलं. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहतात, बोलणं मोजून-मापून. पहिल्यांदा घरी येणार म्हणून मी पायपुसणंसुद्धा नवीन आणलं.

आता आमचे धाकटे दीर, रवींद्रभाऊजी. मनाचे वाईट नाहीत, पण उचलली जीभ अन लावली टाळ्याले. त्याइच्या वस्तीत कोणताही कार्यक्रम असो, माइक त्याइच्याच हातात. सकाळी लायटिंगच्या माळा सोडाले छतावर गेले अन टाकीच्या मागं दडबा पाहून आले. बोलले काही नाही. मी मांडवाच्या मागं, चुलीवरच्या खिरीच्या गंजाजवळ, बायाइसोबत. पंचशील झालं, साधुकार झाला, अन माइकवर भाऊजीइचा आवाज आला.

"उपस्थित उपासक-उपासिकांनो! आजच्या मंगल दिनी, पंचशीलाचं प्रतीक म्हणून, माझे मोठे बंधू प्रेमानंददादा पाच शुभ्र कबुतरं आकाशात सोडतील! योगायोग पाहा, दादाजवळ पांढरी कबुतरं बरोबर पाचच आहेत!"

माह्या हातातला मोठा चमचा गंजात पडला. पाच पांढरी म्हणजे त्यात पिल्लाइची माय अन बाप. मी हात पुसत-पुसत मांडवाकडे निघाली, तर बायाइच्या गर्दीतून वाटच मिळंना. पुढचं मले अनिशनं सांगितलं. हे म्हणाले, "रवी, अजून धागा कापायचा नाही रे. चारच सोडू. तीनच सोडू." तर भाऊजी माइकवरच, "दादा, पाचातलं कोणतं शील कमी करू, तूच सांग!" सारे हसले. व्हिडिओवाला कॅमेरा घेऊन जिन्यात उभा राहिला. अन आमच्या याइनं कात्री घेतली, छतावर गेले, एकेक धागा कापला.

मी मांडवाबाहेर पोचली तेव्हा टाळ्या वाजून राहिल्या होत्या. पाच पांढरी कबुतरं आकाशात. घरावरून एक चक्कर, दुसरी चक्कर, अन मंग सारी एका रांगेत उत्तरेकडे. इतवारीकडे. पाहता-पाहता ठिपके झाले, मंग तेही नाही. लोकं वाहवा करून राहिले होते. हे छतावर तसेच उभे, हातात कात्री.

खाली आल्यावर भंतेजीइनं विचारलं, "त्यांची पिल्लं तर नाहीत ना घरट्यात?"

"आहेत, भंतेजी. सहा दिवसाची," हे म्हणाले.

"मग काहून सोडली?"

याइची मान खाली. भाऊजीनं माइक पाठीमागं लपवला, जसा काही तो कोणाले दिसतच नव्हता. पहिलं शील काय आहे? जीवाले दुखवायचं नाही. अन पंचशीलाच्या नावानंच दोन जीव उपाशी ठेवले आम्ही. भंतेजी रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "जा. आधी ते पाहा. जेवण होत राहील."

हे त्याच पांढऱ्या कुर्त्यात स्कुटीवर बसले, एक रिकामी टोपली पुढं ठेवली, अन निघाले. भाऊजी मागून ओरडले, "दादा, अरे येतीन ते परत, काहून चिंता करतं!" तेव्हा मात्र माह्या डोक्यात गेलं. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही तो माइक ठेवा आता. नाहीतर मी ठेवते, अन कुठं ठेवते ते पाहुण्याइपुढं सांगत नाही." बिचारे पंगत वाढाले लागले.

आता सांगा, घरप्रवेशाचा दिवस अन घरचा मालकच फरार! जो-तो विचारे, "प्रेमानंद कुठं आहेत?" मी कोणाले सांगे दही आणाले गेले, कोणाले सांगे सिलिंडर संपलं. यमुताईइनं विचारलं, "तुमचे मिस्टर दिसत नाहीत?" मी म्हटलं, "येऊन राहिले." हसत होती मी, पण कोणावर राग करावा ते कळत नव्हतं. भाऊजीवर करावा, की एका मेल्या 'नाही'साठी जीभ न उचलणाऱ्या या माणसावर? संक्रांतीचे दिवस. इतवारीचं आकाश पतंगाइनं भरलेलं असते, अन तो नायलॉनचा मांजा, बंदी असून लोकं वापरतात. माणसाचे गळे कापते तो, तिथं कबुतराची काय कथा.

पाहुणे जेवून थोडे कमी झाले तशी मी छतावर गेली. दडब्यात बाकीची नऊ कबुतरं, पंख बांधलेली, कोपऱ्यात दोन पिल्लं. मले पाहून त्याइनं माना वर केल्या अन चोची उघडल्या. चीं चीं आवाज, इतका बारीक की कान लावावा लागे. मी बोट पुढं केलं तर एकानं बोटच चोचीत धरलं. अव माय, माह्या बोटात काय आहे रे बाबू! हात लावून पाहिलं, अंग गार पडून राहिलेलं. दोघाइले उचललं अन पदरात घेऊन पोटाशी धरलं. नव्या पांढऱ्या साडीत. ज्या कबुतराइच्या घाणीपायी मी वर्षानुवर्षं भांडली, त्याच घाणीत मांडी घालून बसली.

फोन आला. "दोन आले जुन्या छतावर. पकडले," हे म्हणाले. मागून गाड्याचे भोंगे, पोट्ट्याइची "कापलीऽ कापली" ओरड. "जोडी नाही दिसून राहिली." थोड्या वेळानं परत, "तिसरा आला. जोडी नाही." मी विचारलं, "पिल्लाइले काय देऊ?" हे म्हणाले, "काही देऊ नको. गरम ठेव. माय नाहीतर बाप, कोणीतरी आणतो." आवाज ऐकून मले वाटलं, याइलेच कोणीतरी पोटाशी धरावं.

ऊन उतरलं. हवा गार झाली. खाली मांडवात भाऊजीनं परत लायटिंग सुरू केलं, स्पीकरवर गाणी लागली. पिल्लाइची चीं चीं आता बंद झाली होती, अन ते मले जास्त भयंकर वाटून राहिलं होतं. मी त्याइले खाली घरात न्यावं म्हणून उठली, तर समोर यमुताईच्या छतावरच्या टाकीवर काहीतरी पांढरं.

कबूतरच होतं. मान तिरपी करून आमच्या छताकडे पाहे, उठे, अर्ध्यातून परत टाकीवर जाई. पायातून हिरवा मांजा लोंबत होता, हातभर. मले कबुतरातलं काय कळते? पण दुपारपासून त्या पिल्लाइची माय मी मनात इतक्यांदा पाहिली होती, की ओळखायचा प्रश्नच नव्हता. तीच होती ती. इतवारीले गेली नसंन, की जाऊन परतली असंन, ते तिचं तिले माहीत. पण या छतावरून ती एकदाच उडाली होती, आजच, अन तरी तिनं घर शोधलं होतं. फक्त त्या लुकलुकणाऱ्या माळा अन स्पीकर पाहून तिची हिंमत होत नव्हती.

मी कठड्यावरून खाली ओरडली, "गाणं बंद करा! लाईट बंद करा सारे!"

भाऊजी वर पाहाले लागले. "काय झालं वहिनी?"

"बंद करा म्हणते नं!"

मांडव एकदम काळा झाला. मी पिल्लं दडब्यात ठेवली, ज्वारीचा डबा घेतला अन वाजवला. आता "आ आ" म्हणायचं होतं. समोर सारी वस्ती, गच्च्यावर लोकं, खाली पाहुणे, अन मी घरप्रवेशाच्या साडीत कबुतर बोलवून राहिली! पहिली हाक तर माह्याच कानाले ऐकू आली नाही. तेवढ्यात यमुताई त्याइच्या छतावर आल्या. "काय झालं हो? काय करताय?"

झालं, मी म्हटलं, गेली आपली अब्रू. अन मंग वाटलं, जाऊ दे नं. ओरडून सांगितलं, "माह्या कबुतराची पिल्लं उपाशी आहेत हो ताई, दुपारपासून! ती त्याइची माय आहे, तुमच्या टाकीवर. हलू नका, ती भेईन!"

यमुताई जिथं होत्या तिथंच थांबल्या. हात पोटाशी घट्ट धरून, जसं काही त्याइचा श्वासही तिले उडवंन. अन मी छाती भरून ओरडली, "आऽ आऽ आऽ!" डबा खडखडला. परत ओरडली. घसा फाटला असता तरी थांबली नसती. इतवारीत हा माणूस रोज ओरडे तेव्हा मी कानावर हात ठेवत होती, अन आता तीच हाक माह्या तोंडातून तशीच्या तशी निघून राहिली होती.

ती उठली. अंधारात पांढरा हेलकावा दिसला, अन कठड्यावर धप्पकन उतरली. मी दोन्ही हातांनी धरली. आयुष्यात पहिल्यांदा मोठं कबूतर हातात घेतलं. छाती अशी धडधडून राहिली होती तिची, की माह्या तळहाताले ठोके लागत. याइची कात्री तिथंच पडली होती. मांजा तिच्या पायाच्या बोटाभोवती करकचून आवळला होता, रक्त वाळलेलं. हलक्या हातानं कापला, सोडवला, अन तिले दडब्याच्या दाराशी ठेवली. मले वाटलं पाणी पिईन, जराशी बसंन. छे! लंगडत-लंगडत सरळ कोपऱ्यात गेली. पिल्लाइनं चोची तिच्या चोचीत घातल्या, अन ती मान हलवून-हलवून त्याइले भरवाले लागली. एकाले, मंग दुसऱ्याले.

मी खाली बसली अन रडली. लाज कसली त्यात? पलीकडून यमुताईचा आवाज आला, "पीत आहेत का हो?" मी म्हटलं, "पिऊन राहिले, ताई." त्या पदरानं डोळे पुसत उभ्या राहिल्या.

तेवढ्यात फोन वाजला.

"सरिता." याइचा आवाज पार बसला होता. "चौथा आला. बाप आला. आत्ताच उतरला. पण ती नाही वं. मांजात गेली असंन. पिल्लासाठी याले लवकर आणाले पाहिजे, अन ती इथं अंधारात आली तर तिले कोण पाहीन? उद्यापासून हे घर पाडणार आहेत म्हणते. काय करू मी? कशी सोडून येऊ तिले?"

"अजी," मी म्हटलं, "ती इथं आहे."

"इथं म्हणजे?"

"इथं म्हणजे घरी. बेसाले. पायाले थोडं लागलं आहे, मी मांजा कापला. पिल्लाइले भरवून राहिली माह्या समोर."

तिकडून नुसते गाड्याचे भोंगे ऐकू येत राहिले. मले वाटलं फोन कटला. मंग कळलं, हे रडून राहिले. भर इतवारीत, रिकाम्या घराच्या छतावर, एकटे. स्वतःची माय गेली तेव्हाही हा माणूस असा रडला नव्हता.

"या आता," मी म्हटलं. "हळू चालवा गाडी."

"सरिता, एक काम करशीन?"

मी चमकली. आमच्या अख्ख्या संसारात या माणसानं मले कधी एक काम सांगितलं नाही. तहान लागली तर स्वतः उठून पाणी घेईन, ताप आला तर अंगावर काढीन, पण 'दे' म्हणणार नाही. त्याचाच मले जन्मभर राग. वाटे, याइले माह्याकडून काहीच लागत नाही काय?

"सांगा नं."

"मी घरी येतपर्यंत तिच्याजवळ बसशीन? एकटी नको सोडू तिले."

खालून भाऊजी विचारून राहिले होते, लाईट लावू काय. मी म्हटलं, नको. पदर अंगाभोवती गुंडाळला अन दडब्याच्या दाराले पाठ लावून बसली.